एका माणसाची पाणबुडी: कवच कशाचं करावं?

दाभोळच्या धक्क्यावर पाणबुडीचा विषय काढला की पहिला सल्ला ठरलेला असतो. "फायबरची कर. आमच्या होड्या बघ, गंज नाय, कलाफती नाय, वर्षानुवर्षं बघायला नको." सांगणारा तांडेल मनापासून सांगत असतो, आणि होडीपुरतं त्याचं म्हणणं खरंही आहे. पण होडी पाण्यावर बसते. पाणबुडीला पाणी चारही बाजूंनी आवळतं, आणि तेवढ्या फरकानं साहित्य निवडायचं सगळं गणितच बदलतं. मला ते नीट कळायला सव्वा वर्ष गेलं, शिवाय विकत घेतलेली एक टाकी परत भंगारात घालावी लागली. तुमचा तो वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहितोय.

माझं कवच असं आहे: व्यास १ मीटर, सरळ नळकांडं अडीच मीटर लांब, दोन्ही टोकांना डिश एंड (बाहेर फुगलेली, ताटलीसारखी टोपणं), आणि वापराची खोली ३० मीटर. पुढचे आकडे याच मापांचे आहेत. ते अंदाज येण्यासाठी दिलेत, त्यांवरून प्लेट कापायला घेऊ नका. तुमच्या मापांचं गणित प्रेशर व्हेसल डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून करून घ्या आणि त्याची सही घ्या.

१. आधी खोली ठरवा

दर १० मीटरला दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरनं वाढतो. ३० मीटरवर तो ३ किलो होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ६० सेंमी व्यासाच्या झाकणावर तो साडेआठ टनांच्या आसपास भरतो. सहाचाकी ट्रकात भरलेले चिरे त्या एका झाकणावर रचून ठेवल्यासारखं ते आहे.

१०० मीटरचा हव्यास धरू नका. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना स्कूबासाठी नेतात ती खोली १० मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते, आणि कोकणातल्या गढूळ पाण्यात त्याच्या फार खाली बघण्यासारखं थोडंच असतं. आपल्या किनाऱ्याचा तळ हळूहळू उतरत जातो, त्यामुळे ३० मीटर पाणी मिळायला बरंच आत जावं लागतं. हे आपलं भाग्य समजा. घरगुती पाणबुडीचा पहिला नियम हा की जिथे बुडी मारायची तिथला तळच ठरवलेल्या खोलीपेक्षा वर असावा. पंप बिघडला, बॅलास्ट (बुडायला-तरंगायला कमीजास्त करायचं पाणी किंवा वजन) अडकला, तरी पाणबुडी तळावर बसेल आणि कवच शाबूत राहील.

२. कवच चिरडतं कसं, ते डोळ्यांनी बघा

ही पायरी गाळू नका. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. त्यात दोन पेले पाणी घालून तोंड उघडं ठेवून उकळा. वाफ जोरात यायला लागली की डबा विस्तवावरून उतरवा, मगच झाकण घट्ट लावा आणि वरून बादलीभर गार पाणी ओता. जाड हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. आतली वाफ विरते, बाहेरची हवा दाबते, आणि डबा आवाज करत आत बसतो.

आता तो डबा हातात घेऊन नीट बघा. पत्रा फाटलेला नसतो. धातू कुठेही तुटलेला नसतो. गेलेला असतो फक्त आकार.

माझ्या कवचाचं गणित तेच सांगतं. १ मीटर व्यासाच्या ६ मिमी जाड लोखंडी नळकांड्यावर ३० मीटर खोलीत जो ताण येतो तो सुमारे २५ मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर साधारण १० किलो). साधं लोखंड २५० मेगापास्कलपर्यंत टिकतं. म्हणजे ताकदीचा दहावा भागच वापरला जातो. तरीही हेच नळकांडं लांब आणि आतून मोकळं ठेवलं, तर सिद्धांतानुसार ते साडेनऊ मीटरवरच आत बसतं! मग त्याच नळकांड्यात दर ३०० मिमीवर पुरेशा जाडीची गोल कडी वेल्ड केली, तर दोन कड्यांमधल्या पत्र्याची आत बसण्याची सैद्धांतिक खोली ५०० मीटरच्या पुढे जाते. त्याच्या आधी लोखंडाची ताकदच संपते. लोखंड तेच, जाडी तीच, फक्त कडी आली.

हे आकडे अचूक वर्तुळाचे आहेत. खरं नळकांडं कधीच अचूक गोल नसतं आणि प्रत्येक मिलिमीटर वाकडेपणा त्यातला वाटा खातो. म्हणून साहित्य निवडताना "किती मजबूत?" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की हे साहित्य किती ताठ आहे, माझ्या ओळखीच्या कारखान्यात ते किती गोल करता येईल, आणि दरवर्षी त्याची आतली स्थिती मला मोजता येईल का.

३. हलकेपणासाठी पैसे मोजू नका

माझं कवच सव्वादोन टनांपेक्षा थोडं जास्त समुद्राचं पाणी बाजूला सारतं. बुडायचं असेल तर एकूण वजनही तेवढंच हवं. ८ मिमी प्लेट धरली तरी कवचाची कातडी सुमारे ६३० किलोच भरते. कडी, झाकण, बॅटऱ्या, मी, हे सगळं मिळवूनही शेवटी शिसं घालावंच लागतं. हलकं साहित्य जास्त पैसे देऊन आणायचं आणि मग त्याला खाली न्यायला शिसं विकत घ्यायचं, यात उथळ पाणबुडीला काही मिळत नाही. खूप खोल जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे भिंतच इतकी जाड होते की पाणबुडी वर यायची पंचाईत होते.

४. एकेक साहित्य

साधं लोखंड आणि बॉयलर प्लेट. माझी निवड हीच. बाजारात आयएस २०६२ या भारतीय मानकाची साधी प्लेट सगळीकडे मिळते, पण थोडे जास्त पैसे देऊन प्रेशर व्हेसलची प्लेट घ्या: भारतीय मानकाची आयएस २००२ किंवा अमेरिकन मानकाची ए-५१६ ग्रेड ७०. तिची ताकद साध्या प्लेटच्या जवळपासचीच असते. फरक असतो तो तपासणीत, वेल्डिंगच्या भरवशात आणि कागदात. अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले जॉर्ज किट्रेज यांनी हौशी लोकांसाठी के-२५० आणि के-३५० या छोट्या पाणबुड्या आखल्या. नावातला आकडा म्हणजे फुटांतली खोली, आणि दोन्ही पोलादी. लोखंड गंजतं, पण गंज दिसतो, मोजता येतो, घासून काढता येतो.

स्टेनलेस. "३१६ घ्या, गंजणारच नाही" असं स्टेनलेसच्या या जातीबद्दल सांगणारे भेटतील. समुद्राकाठच्या बंगल्यांचे स्टेनलेस कठडे जवळ जाऊन बघा, तांबूस ठिपके दिसतील. उबदार खाऱ्या पाण्यात, विशेषतः ओ-रिंगखाली, गॅस्केटखाली, बोल्टच्या डोक्याखाली, जिथे पाणी साचून राहतं तिथे ३१६ ला खोल खड्डे पडतात. वरून पृष्ठभाग चकचकीत आणि आत भोक. शिवाय ३१६ एल ची ताकद साध्या लोखंडापेक्षा कमी, साधारण १७० मेगापास्कल. कवचासाठी मी ते घेणार नाही.

अ‍ॅल्युमिनियम. ५०८३ हा समुद्रातला चांगला मिश्रधातू आहे. पण त्याचा ताठपणा लोखंडाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. वर सांगितलेलं साडेनऊ मीटरचं मोकळं नळकांडं त्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचं केलं तर साडेतीन मीटरही गाठत नाही. जाडी वाढवून ते भरून काढता येतं, पण वेल्डच्या बाजूची ताकद घटते आणि त्याला सराईत आर्गॉन वेल्डर लागतो. तांब्याचा अंश असलेला बोटीचा रंग त्यावर लावला तर तो रंगच धातू खातो.

फायबर. आता तांडेलाच्या सल्ल्याकडे. होडीला हातानं मॅट आणि रेझिन लावताना एका जागी ७ मिमी तर दोन हातांवर ५ मिमी होतं, मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. होडीला ते चालतं. बाहेरून आवळणाऱ्या दाबाखाली मात्र थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि वरून काही कळत नाही. दाबाच्या कवचाला फायबर नको. पण बाहेरची निमुळती कातडी, डेक, आणि खालून उघड्या असलेल्या बॅलास्ट टाक्या यांच्या आत-बाहेर सारखाच दाब असतो. ते सगळं काम गावातल्या फायबरच्या होड्या करणाऱ्याला द्या, त्याच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

कार्बन फायबर. १८ जून २०२३ ला टायटॅनिककडे उतरताना 'टायटन' चिरडली आणि आतले पाचही जण गेले. तिचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, टोकं टायटॅनियमची. २०१९ साली 'टायटन'च्या आधीच्या, पुढे बदललेल्या, कार्बन फायबरच्या कवचातून बुडी मारलेल्या कार्ल स्टॅनली यांनी कवचातून येणारे तडकण्याचे आवाज ऐकून ते चालवणाऱ्यांना कळवलं होतं. स्टॅनली स्वतः होंडुरासच्या रोआतान बेटावर पाणबुडी चालवतात, तीही स्वतः बांधलेली, आणि तिचं कवच पोलादी आहे. कार्बन फायबर ताणाला अफाट, पण दाबाखाली ते प्रत्येक बुडीला थोडंथोडं सुटत जाऊ शकतं आणि घरच्या हत्यारांनी ते मोजता येत नाही. याला हात लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

टायटॅनियम. माणसांना खोल समुद्रात नेण्याच्या आपल्या समुद्रयान मोहिमेतल्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीचा गोल याचा आहे, आतला व्यास २.१ मीटर आणि भिंत ८० मिमी. पण ती ६,००० मीटरची गोष्ट. ३० मीटरला त्याचं काम नाही. लाकूड आणि फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर थापलेलं सिमेंट) यांबद्दलही विचारतात. जाडी आणि आतले दोष घरी तपासता येत नाहीत, एवढ्या कारणावरून मी दोन्ही सोडली.

५. तयार टाकीचा मोह

इथे माझे पैसे गेले. बंद पडलेल्या कारखान्यातून भंगारात आलेली एक टाकी मला दिसली: व्यास १.२ मीटर, ८ मिमी प्लेट, दोन्ही बाजूंना डिश एंड. वाटलं, अर्धं काम झालंच. घरी आणून थिकनेस गेज लावला तर जाडी कुठे ७.६, तर तळाशी ५.१. मग टेप लावला. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान व्यास यांत २६ मिमीचा फरक. ती टाकी आतून दाब सोसायला बनलेली होती. आतला दाब टाकीला फुगवून गोल करतो, बाहेरचा दाब असलेला वाकडेपणा वाढवत नेतो. गॅसची टाकी, हवेचा रिसिव्हर, टँकरची टाकी, सगळ्यांना हेच लागू. १५ किलो दाबाला तपासलेली टाकी बाहेरून २ किलोत आत बसू शकते.

६. कारखाना शोधा

साहित्याइतकाच हा निर्णय मोठा. लोटे परशुरामला केमिकल कारखाने आहेत, त्यामुळे त्या पट्ट्यात रिअ‍ॅक्टर आणि टाक्या करणारे फॅब्रिकेटर भेटतात. त्यांना "पाणबुडी करून द्याल का" असं विचारू नका, माणूस बिचकतो. विचारा: "जॅकेटवाला रिअ‍ॅक्टर केलाय का? व्हॅक्यूमची टाकी केलीय का?" जॅकेट म्हणजे टाकीभोवतीचं दुसरं कवच; त्यातला दाब आतल्या शेलला, म्हणजे मूळ नळकांड्याला, बाहेरून दाबतो, व्हॅक्यूममध्येही तेच होतं. ज्यानं ही कामं केलीत त्याला कडी, गोलाई आणि बाहेरचा दाब समजावून सांगावा लागत नाही.

रोलिंगच्या दिवशी स्वतः हजर राहा. प्लेट रोलिंग मशिनमधून काढताना तिच्या दोन्ही कडा सपाट राहतात. त्या आधी वाकवून घेतल्या नाहीत तर जोडापाशी शेल आंब्याच्या कोयीसारखा टोकदार होतो. तपासायला ५०० मिमी त्रिज्येचा कमानीचा साचा प्लायवूडमधून कापा, शेलच्या आत टेकवा, पलीकडून बॅटरीचा झोत धरा. साचा आणि पत्रा यांमधून उजेड कुठे येतो ते लगेच दिसतं. मी त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा धरली होती, म्हणजे अडीच मिमी. पहिल्या शेलला जोडापाशी ६ मिमी फट होती. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, टाकीला एवढं चालतं." टाकीला चालतं. आम्ही तो जोड कापून पुन्हा रोल केला.

डिश एंड घेताना दोन गोष्टी. दाबून आकार देताना प्लेट पातळ होते, म्हणून ऑर्डरमध्ये "तयार झाल्यावरची कमीत कमी जाडी" लिहा. आणि जितका डिश एंड उथळ तितका तो बाहेरच्या दाबाला कमकुवत, म्हणून २:१ इलिप्टिकलपेक्षा (खोली व्यासाच्या पाव) उथळ घेऊ नका.

वेल्डिंगला ७०१८ रॉड, आणि तो ओव्हनमध्ये भाजलेला. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत उघडा ठेवलेला रॉड ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि तडा कधीकधी दुसऱ्या दिवशी पडतो. ओव्हनमधून काढलेला रॉड चार तासांत संपवायचा. जमलं तर कवचाचं वेल्डिंग दिवाळीनंतरच धरा.

७. कागद आणि हत्यारं

कामाला लागण्याआधी हे जमवा:

- प्लेटचं मिल टेस्ट सर्टिफिकेट. त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या ज्या घाण्यातून प्लेट आली त्याचा नंबर) आणि प्लेटवर ठोकलेला नंबर एकच हवा. मला एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याच हीटचा कागद दिला आणि "एकाच लॉटचं आहे" म्हणून समजूत घालत राहिला. मी प्लेट परत पाठवली, गाडीभाडं माझ्या अंगावर पडलं.
- इंजिनिअरच्या सहीचं गणित आणि ड्रॉइंग.
- वेल्डरचं क्वालिफिकेशन सर्टिफिकेट.
- उभ्या-आडव्या सगळ्या जोडांचा रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक रिपोर्ट, आणि कड्यांच्या वेल्डचा डाय पेनिट्रंट (रंगीत द्रव लावून तडे शोधायची तपासणी) रिपोर्ट.
- अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज, स्टीलचा टेप, गोलाईचा साचा.
- एक पक्क्या बांधणीची वही. प्रत्येक माप तारखेसह तिच्यातच.

८. खिडकी

काच नको, साधी किंवा टफन्ड कोणतीच. ओतून केलेलं, म्हणजे कास्ट अ‍ॅक्रिलिकच घ्या. दुकानांच्या पाट्यांसाठी मिळणारं एक्स्ट्रूड केलेलं शीट दिसायला तसंच असतं, ते नको. माणूस बसणाऱ्या कवचांच्या खिडक्यांसाठी पीव्हीएचओ-१ हे अमेरिकन मानक वापरतात, त्यात सपाट चकतीच्या खिडकीचं आयुष्य १० वर्षं धरतात. जाडीचे तक्ते तापमानानुसार असतात: १०, २४, ३८ अंश असे. परदेशी नकाशा थंड पाण्यासाठीच्या रकान्यावरून केलेला असू शकतो. आपलं पाणी २४ अंशांच्या वर असतं आणि अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं मऊ पडतं, म्हणून ३८ चा रकाना धरा, जाडी वाढेल. धक्क्यावर पाणबुडी उन्हात असताना खिडकीवर ओलं गोणपाट टाका. पुसायला साबणाचं पाणी. थिनर किंवा अ‍ॅसिटोनचा एक हात फिरला तरी केसासारख्या चिरा पडतात आणि खिडकी बाद होते.

९. गंज

उघडं लोखंड समुद्रात वर्षाला साधारण ०.१ मिमी झिजतं, खड्डे त्याहून खोल जातात. म्हणून गणित ६ मिमीवर केलं आणि प्लेट ८ घेतली. सँडब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी ईपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. आपल्या खाऱ्या हवेत रात्रभर ठेवलेली कोरी प्लेट सकाळी पिवळी होते. लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ठोकळे कवचाला वेल्ड करा, पण त्यांना रंग लावू नका. पितळी व्हॉल्व्ह आणि लोखंड यांमध्ये नायलॉनचं वॉशर आणि बुश घाला, नाहीतर व्हॉल्व्ह टिकतो आणि त्याच्या भोवतीचं लोखंड जातं. बाहेर हुक, दोर बांधायची कडी, उघडे बोल्ट ठेवू नका. आपल्या किनाऱ्यावर जाळी सगळीकडे असतात आणि अडकलेली पाणबुडी एकट्यानं सुटत नाही.

१०. माणूस न बसवता बुडवा

पाण्यात उतरवण्याआधी ड्रॉइंग, फोटो आणि तारीख घेऊन महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाकडे, सागरी पोलिस ठाण्यात आणि तटरक्षक दलाकडे लेखी अर्ज करा. उत्तर लेखी घ्या. २६ नोव्हेंबर २००८ नंतर आपल्या किनाऱ्यावर पाण्याखालून काही जातंय अशी नुसती कुजबुज झाली तरी सगळी यंत्रणा हलते, आणि हलायलाच हवी. मच्छीमार सोसायटीलाही सांगा, जाळी कुठे टाकलीत ते त्यांनाच ठाऊक असतं.

पहिली बुडी रिकामी. आत माणसाच्या वजनाच्या वाळूच्या गोणी बांधा, कवच किंचित जड करा, दोन होड्यांच्या मधून कप्पी लावून दोरानं खाली सोडा. दोर आणि कप्पी कवचाच्या पाण्यात भरणाऱ्या वजनाच्या कितीतरी पट ताकदीची हवी. वापराच्या खोलीच्या सव्वापट खाली न्या, माझ्यासाठी ३७.५ मीटर, आणि तासभर ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या आणि खलाशी रिकामे असतात, पण समुद्र तेव्हा खवळलेला असतो. ही बुडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या शांत दिवसांतच मारा.

वर आणल्यावर आधी आत पाणी आहे का ते बघा. मग वही उघडा आणि बुडीच्या आधी जिथे जिथे व्यास घेतला होता त्याच चोवीस खुणांवर पुन्हा टेप लावा. माझ्या पहिल्या बुडीनंतर तेवीस मापं जशीच्या तशी आली, चोविसावं २ मिमीनं कमी. तिथल्या कडीचा वेल्ड एका हातभर लांबीत आतून चिकटलेलाच नव्हता. तो खरवडून पुन्हा केला, डाय पेनिट्रंट लावलं, कवच परत ३७.५ मीटरवर नेलं, आणि चोवीसही मापं जुळल्यावरच मी आत बसलो.